तावदानाची हकीकत

आमच्या जुन्या घराच्या माडीवर, रस्त्याच्या अंगास, एक मोठी खिडकी होती आणि तिच्या वरच्या झडपांत तांबड्या, निळ्या व हिरव्या काचांची सहा तावदाने बसविलेली होती. सकाळचे ऊन जरासे वर आले, की त्या काचांतून गाळून ते सारवलेल्या जमिनीवर उतरे आणि पुढे तासभर त्या रंगीत चौकोनांचा प्रवास भिंतीच्या कडेने चाले. एका पावसाळ्यात वाऱ्याने झडप आपटून त्यांतले एक तांबडे तावदान तडकले, तेव्हा पेठेतला काचवाला लाकडी चौकटीत उभ्या लावलेल्या काचा पाठीवर घेऊन आला. त्याने ओसरीवर गोणपाट पसरले, काच आडवी ठेवली, पट्टी धरली आणि मुठीतल्या हिरकणीने एकच रेघ ओढली. कोरे कापड फाटावे तसा बारीक आवाज झाला. मग काचेच्या खालून त्याने दोन टिचक्या मारल्या आणि काच नेमकी त्या रेघेवर दुभंगली. जवसाच्या तेलात मळलेली लांबी त्याने अंगठ्याने खाचेत दाबली, तावदान बसविले आणि कडेची जास्तीची लांबी सुरीने साफ केली. तांबडी काच त्याच्यापाशी नव्हती म्हणून त्याने साधीच बसविली. त्या दिवसापासून जमिनीवर पाच रंगीत चौकोन आणि एक पांढरा चौकोन पडू लागला. आणि त्या पांढऱ्या चौकोनात अनवाणी पाय ठेवला, तर तो इतर पाचांहून अधिक उबदार लागतो, ही गोष्ट माझ्या बालबुद्धीला त्या वेळी प्रथम कळली.

पुढे पुष्कळ वर्षांनी 'तावदान' या शब्दाची व्युत्पत्ती माझ्या वाचनात आली आणि तो पांढरा चौकोन पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहिला. हा शब्द आपल्या भाषेत फार्सीतून आला. मूळ शब्द 'ताबदान'. 'ताब' म्हणजे तेज, झळाळी, आणि त्याचबरोबर उष्मा. 'दान' म्हणजे ठेवण्याचे पात्र, जसे अत्तरदान, पानदान किंवा कलमदान. ज्या अज्ञात पुरुषाने खिडकीच्या एका लहानशा चौकोनाला तेजाचे आणि उष्म्याचे पात्र असे नाव दिले, त्याने काचेचे सारे शास्त्र दोन अक्षरांच्या जोडणीत सांगून टाकले होते. आज घरोघरी गच्चीवर सौर पटले चढत आहेत, विजेच्या दफ्तरात त्यांच्या नोंदी होत आहेत, आणि लोक त्यांच्याकडे कालपरवाच्या परदेशी नवलाईच्या दृष्टीने पाहत आहेत. परंतु तावदानाची जुनी हकीकत ज्याने ध्यानी घेतली आहे, त्याला हे पटल म्हणजे त्याच कुळातले सर्वांत धाकटे अपत्य आहे असेच वाटेल. ती हकीकत क्रमाने सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

काच आपल्या देशाला परकी नव्हती, हे आरंभीच सांगितले पाहिजे. वैदिक वाङ्मयात तो शब्द मण्यांच्या संदर्भात येतो आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही काचमण्यांचा उल्लेख आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर पैठण, तेर आणि नेवासे येथील उत्खननांत सातवाहनकालीन काचेचे मणी सापडले आहेत. आणि १९४५–४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी कोल्हापुरास पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर जे उत्खनन केले, त्यात बहामनी काळातल्या रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचा मोठा संचय हाती लागला. दीक्षितांच्या मनाला या काचेने असा काही वेध लावला, की त्यांनी पुढे भारतीय काचेच्या इतिहासावर स्वतंत्र ग्रंथच सिद्ध केला; तो १९६९ मध्ये मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. काचेचा मणी, काचेची बांगडी, अत्तराची कुपी हे सारे आपल्या कारागिरांना येत होते. नव्हते ते एकच: सपाट, पारदर्शक, हातभर रुंदीची काच, आणि ती जिच्यात बसवावी अशी खिडकी.

याचे कारण आपल्या घरबांधणीत आहे. देशावरच्या वाड्याची भिंत दोन-अडीच हात जाडीची, बाहेरच्या अंगाला खिडक्या लहान आणि गजांच्या, आणि उजेडाची सारी भिस्त मधल्या चौकावर. जिथे वर्षाचे आठ महिने ऊन घराबाहेर कसे ठेवावे हीच विवंचना, तिथे ते आत घेण्यासाठी कोण खटपट करील? थंडीचा कडाका नाही, बर्फ नाही, म्हणून वारा अडवून उजेड घेण्याची निकडही नाही. युरोपात जे काम हिवाळ्याने केले, ते आपल्याकडे करणारा ऋतू एकच होता, तो म्हणजे पावसाळा. आणि तो जिथे खरा निकराने कोसळतो त्या समुद्रपट्टीतच तावदानाची गरज प्रथम भासावी, हे ओघानेच आले. चार-चार दिवस झड लागलेली, दारे-खिडक्या मिटलेली आणि भर दुपारी घरात समई लावावी लागे असा अंधार, हे कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसाला सांगायला नको.

गोव्यातल्या कारागिरांनी यावर जो उपाय योजला, तो मला फार हृद्य वाटतो. तिथल्या खाड्यांतून एक चपटी, वाटोळी, तळव्याएवढी शिंप मिळते. तिचे कवच इतके पातळ असते, की उजेडासमोर धरले तर ते दुधाळ होऊन उजळते. हे शिंपले कातरून त्यांचे लहान चौकोन करावेत आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत, कौलांवर कौल चढवावे तसे, एकापुढे एक सरकवून बसवावेत, अशी ही रीत होती. पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्यातल्या घरांत, चर्चांत आणि मठांत शिंपल्यांची ही तावदाने सर्रास असत, आणि जुन्या घरांत ती आजही पाहायला मिळतात. त्यांतून बाहेरचे दिसत नाही. ऊन मात्र आपली धार टाकून, सौम्य होऊन आत येते, आणि पाऊस बाहेर राहतो. काच दुर्मिळ असताना निसर्गाने घडविलेले हे तावदान गोवेकरांनी शोधून काढले. उजेडाला वाट द्यावी आणि वाऱ्यापावसाला अडवावे, हा जो तावदानाचा मूळ धर्म, तो काचेच्या आधी आपल्या किनाऱ्यावर शिंपल्याने पाळला.

सपाट काच करणे अवघड का होते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. काच म्हणजे मुळात वाळू. शुद्ध वाळू वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सियस उष्णता लागते. ती खाली आणण्यासाठी सोडा मिसळतात, आणि नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळेल म्हणून चुना घालतात. हा रस भट्टीतून काढताना मधासारखा दाट असतो. फुंकनळीने त्याचा फुगा सहज होतो, म्हणून बाटली, कुपी आणि चिमणी यांना काच राजी असते. तिला सपाट करायचे, तर तिच्या स्वभावाविरुद्ध जावे लागते. युरोपातले कारागीर तो फुगा नळीवर गरगर फिरवून त्याची मोठी थाळी करीत आणि मग तिचे चौकोन कापीत. किंवा फुंकून लांब नळकांडे करीत, ते उभे चिरीत आणि पुन्हा भट्टीत घालून उलगडीत. दोन्ही कामे कसबाची, श्रमाची आणि नासाडीची. शिवाय इंग्लंडात १६९६ पासून खिडक्यांवर कर होता आणि पुढे काचेवरही जकात बसली. तेव्हा उजेड ही तिथे खरोखरच श्रीमंतांची चीज होती. काचेवरची जकात १८४५ मध्ये उठली आणि खिडकीचा कर १८५१ मध्ये. त्याच १८५१ साली जोसेफ पॅक्स्टन याने लंडनच्या हाइड पार्कमध्ये लोखंड आणि काच यांचा स्फटिकप्रासाद उभारला. त्यात जवळजवळ ३ लाख तावदाने लागली आणि ती सर्व बर्मिंगहॅमजवळच्या चान्स बंधूंच्या कारखान्यात तोंडाने फुंकून केलेली होती. एवढ्या माणसांच्या छातीतला वारा त्या एका इमारतीत साठलेला होता, ही गोष्ट तिच्या भव्यतेच्या वर्णनात सहसा कोणी सांगत नाही.

या नव्या वास्तुविद्येचे पडसाद मुंबईच्या बंदरावर उमटायला फार काळ लागला नाही. १८६० नंतरच्या दशकात काळाघोड्याजवळ वॉटसनचे हॉटेल उभे राहिले. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून जहाजाने आणलेला होता आणि मधल्या चौकावर काचेचे छत होते. आपल्या वाड्याचाच चौक, पण त्यावर आभाळाऐवजी तावदान. पुढे राजाबाई मनोऱ्यात आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात रंगीत काचांची चित्रमय तावदाने आली. परंतु माझ्या मते मुंबईतल्या काचेच्या इतिहासातले सर्वांत उज्ज्वल प्रकरण या प्रसिद्ध इमारतींत घडले नाही. ते घडले मधल्या कुलाब्यातल्या एका बंगल्याच्या आवारात, आणि त्याचे नाव आज मुंबईकरांनाही ठाऊक नाही.

विल्यम ॲडम्स हा मुंबईच्या हायकोर्टातला डेप्युटी रजिस्ट्रार. कोर्टाच्या दफ्तरात दिवस घालविणाऱ्या या गृहस्थाला इंधनाच्या प्रश्नाने ग्रासले होते. गिरण्यांची धुराडी उभी राहत होती, कोळसा इंग्लंडातून जहाजाने येत होता, जळाऊ लाकूड महाग होत होते; आणि डोक्यावर मात्र ऊन फुकट जात होते. उन्हाचा संचय करण्याचा विचार त्याच्या आधीही झाला होता. १७६७ मध्ये जिनिव्हाच्या ओरास बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञाने काळ्या लाकडी पेटीवर एकाखाली एक काचा बसवून ती उन्हात ठेवली, तेव्हा आतली उष्णता पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर गेली. काचेचा हा गुण विलक्षण आहे. सूर्याचे दृश्य किरण ती सुखेनैव आत सोडते; पण त्याच किरणांनी तापलेल्या वस्तूतून जे अदृश्य उष्ण किरण परत फिरतात, त्यांना ती वाट देत नाही. आत येणाऱ्याला मुभा आणि बाहेर जाणाऱ्याला अटकाव, असा हा देवडीवरचा पहारा आहे. माझ्या लहानपणच्या पांढऱ्या चौकोनाची ऊब ही त्याच खेळाची पहिली चाहूल होती.

फ्रान्समध्ये ऑग्युस्तें मूशो हा त्या सुमारास चांदीचा मुलामा दिलेल्या धातूच्या मोठ्या आरशाने ऊन एकवटून त्यावर वाफ करीत होता. ॲडम्सने मूशोचा मार्ग अभ्यासला आणि सोडून दिला. धातूचा मुलामा हवेने काळवंडतो आणि मोठा वक्र आरसा घडविणे खर्चाचे. त्यापेक्षा पाठीवर कलई असलेल्या साध्या, सपाट, काचेच्या आरशांचे तुकडे पुष्कळ संख्येने घ्यावेत आणि प्रत्येकाची कवडसे टाकण्याची दिशा एकाच जागी जुळवावी, असे त्याने ठरविले. सुमारे सतरा इंच लांब आणि दहा इंच रुंद असे ७२ आरसे त्याने एका चौकटीवर बसविले. पुढे आरशांची ती मांडणी वाढवून, अर्धवर्तुळाकार मार्गावर सूर्याच्या गतीबरोबर सरकविता येईल अशी केली आणि मध्यभागी तांब्याचा बाष्पपात्राचा हंडा स्थिर ठेवला. त्या हंड्यातल्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे एंजिन कुलाब्याच्या आवारात चालले. आज वाळवंटांत हजारो आरसे एका उंच मनोऱ्यावर ऊन फेकतात आणि त्यावर वीज होते, त्या योजनेचे बीज हेच होय. ॲडम्सने उन्हाची चूलही केली: अष्टकोनी लाकडी नरसाळ्याला आतून आरसे जडविलेले, मध्ये तांब्याचे भांडे आणि भांड्यावर काचेचे झाकण. जानेवारी महिन्यात, म्हणजे मुंबईच्या त्यातल्या त्यात थंड दिवसांत, सात शिपायांचा शिधा तीवर दोन तासांत शिजला, असे त्याने नमूद केले आहे. या सर्व प्रयोगांचा वृत्तांत १८७८ मध्ये मुंबईत पुस्तकरूपाने छापला गेला आणि त्या निबंधास ससून इन्स्टिट्यूटचे सुवर्णपदक मिळाले. पुढे कोळसा आणि मागाहून खनिज तेल यांच्या सुकाळात ते पुस्तक विस्मृतीत गेले. परंतु उष्ण कटिबंधातल्या देशाचे इंधन त्याच्या आभाळातच आहे आणि ते उतरवून घेण्याचे साधन काच आहे, हा विचार मुंबईत, मुंबईच्या उन्हात कसोटीस लागला होता, याची जाणीव आपण ठेवली पाहिजे.

ॲडम्सचे आरसे विलायती होते. त्या काळी आपल्या पेठांतली बहुतेक काच बेल्जियम, ऑस्ट्रिया, जर्मनी आणि पुढे जपान येथून येई. साध्या दिव्याची चिमणीसुद्धा परदेशची. ही परवशता ज्यांच्या जिव्हारी लागली, त्यांत अंताजी दामोदर काळे हे एक होते. त्यांनी माणशी एक पैसा मागून देशी उद्योगासाठी निधी उभारण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला आपले पाठबळ दिले, आणि गावोगावच्या सामान्य रयतेच्या पैशापैशांतून जो 'पैसा फंड' साठला त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. त्याची सूत्रे ईश्वरदास वार्ष्णेय या उत्तर हिंदुस्थानी तंत्रज्ञांकडे देण्यात आली. जपान आणि अमेरिका येथे शिकून आलेला हा माणूस महाराष्ट्रात आला तो नुसता माल काढण्यासाठी नव्हे. कारखान्याबरोबरच तिथे काचेचे शिक्षण देण्याची सोय होती, आणि तिथून तयार झालेले कारागीर व विद्यार्थी देशभरच्या भट्ट्यांवर पसरले. तळेगावच्या भट्टीचे खरे उत्पन्न ही माणसेच होत. वार्ष्णेय यांनीच पुढे संयुक्त प्रांतात बहजोई येथे कारखाना काढला आणि तिथे खिडकीची सपाट काच यंत्राने खेचून काढण्याचा उद्योग या देशात रुजविला.

तळेगावानंतर आठ वर्षांनी, १९१६ मध्ये, औंध संस्थानाच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना सुरू झाला आणि त्या माळाचे नाव ओगलेवाडी पडले. पहिल्या महायुद्धाने युरोपचा माल अडविला होता. देशी भट्ट्यांना जीव धरण्याची ती संधी होती. ओगल्यांनी आपल्या वडिलांच्या नावाने काढलेला 'प्रभाकर' कंदील पुढे महाराष्ट्राच्या घराघरांत गेला. प्रभाकर हे सूर्याचे नाव. सूर्याचे नाव धारण करणारा तो दिवा रात्रीच्या वेळी खेड्यापाड्यांत हातात धरून माणसे बांधावरून चालली, गोठ्यात गेली आणि त्याच्या भोवती बसून मुले शिकली. आमच्याकडे दिवेलागणीच्या आधी कंदिलाची काच पुसण्याचे काम आजीचे असे. ती चुलीतली चाळलेली राख चिमटीने घेई, मऊ फडक्याने काचेच्या आतून बाहेरून फिरवी, मग काच तोंडाशी धरून तिच्यात हळूच वाफ सोडी आणि जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्याने ती लख्ख करी. काजळी राहिली तर दिवा असून अंधार, असे तिचे म्हणणे असे. त्या काळी मला ते घरकामातले एक काम वाटे. आज ते या हकीकतीचा आशय वाटते.

आता धाकट्या अपत्याकडे वळू. उजेडापासून विजेचा प्रवाह मिळू शकतो, हे १८३९ मध्ये फ्रान्समध्ये एदमों बेकरेल याने पाहिले होते. परंतु उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौर घट २५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने लोकांपुढे ठेवला. चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांच्या त्या घटात उन्हाच्या शक्तीपैकी सुमारे ६ टक्के शक्तीची वीज होत असे. हा सिलिकॉनसुद्धा वाळूतूनच निघतो, म्हणजे घट आणि काच ही दोन्ही एकाच वाळवंटाची लेकरे. पण सिलिकॉनची चकती केसाच्या दोन-तीन पट जाडीची, ठिसूळ आणि ओलाव्याने तिच्यावरच्या धातूच्या तारा गंजून जाणाऱ्या. ती तशीच उन्हापावसात ठेवली, तर एका पावसाळ्याचीही नव्हे. तिला पंचवीस वर्षे गच्चीवर जगवायचे, तर तिच्यावर तावदान हवे.

असे एक पटल आडवे ठेवून जवळून पाहावे. वर ३.२ मिलिमीटर जाडीची काच, तिच्या खाली पारदर्शक चिकट पदार्थाचा थर, मग घटांची रांग, पुन्हा चिकट थर आणि शेवटी पाठीचे आवरण. काही नव्या पटलांत पाठीलाही काचच, मग दोन्ही काचा प्रत्येकी दोन मिलिमीटरच्या. एक चौरस मीटर काच दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. म्हणजे दोन चौरस मीटरच्या पटलात नुसती काच १६ किलो. सबंध पटल बाविसेक किलोचे. ज्याला लोक सिलिकॉनचे पटल म्हणतात, ते वजनाने पाहिले तर बव्हंशी काचेचे तावदानच आहे.

आणि ही काच साधी नाही. नेहमीच्या खिडकीच्या काचेची कड पाहिली तर ती हिरवी दिसते. वाळूत हजारात एक भाग लोहाचा अंश राहिलेला असतो, त्याचा तो रंग. तोच अंश ऊन गिळतो. म्हणून सौर काचेसाठी दहा हजारांत जेमतेम एक-दीड भाग लोह उरेल अशी निवडक वाळू लागते, आणि त्या काचेची कड पाण्यासारखी निवळ दिसते. काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन फुकट जातो. तो वाचविण्यासाठी वरच्या अंगावर एका मिलिमीटरच्या आठ हजाराव्या हिश्शाएवढा सच्छिद्र लेप देतात. वितळलेली काच रुळांमधून काढताना तिच्यावर बारीक खडबडीत नक्षी उठवितात, त्यामुळे तिरपे ऊनही आत वळते. मग तिला सहाशे अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोतांनी एकदम निववितात. पृष्ठभाग आधी आकसतो, गाभा मागाहून, आणि त्या अंतर्गत ओढीने काच अनेक पटींनी बळकट होते. २५ मिलिमीटरची गार ताशी ८३ किलोमीटर वेगाने आदळली तरी ती टिकावी, अशी तिची परीक्षा असते. मात्र या काचेवर हिरकणी चालत नाही. आमच्या काचवाल्याने तिच्यावर एक रेघ जरी खोल ओढली असती, तर सबंध काच एका क्षणी बोथट खड्यांचा ढीग होऊन पडली असती. जे काही माप घ्यायचे, ते भट्टीत जाण्याआधी.

खिडकीच्या काचेच्या बाबतीतली क्रांती निराळी. इंग्लंडात सेंट हेलेन्स येथे ॲलेस्टर पिल्किंग्टन याने वितळलेल्या कथिलाच्या पसरट कुंडावर काचेचा रस तरंगत पुढे नेण्याची युक्ती सिद्ध केली आणि १९५९ मध्ये ती जाहीर झाली. कथिलाचा पृष्ठभाग जात्याच सपाट. त्यावर तरंगणारी काच दोन्ही अंगांनी आरशासारखी निर्दोष निघते, तिला घासण्याची गरज नाही. फुंकनळीची जी लढाई शतकानुशतके चालली होती, ती इथे संपली. १९९० नंतरच्या दशकात तळोज्याला असा कारखाना उभा राहिला. आणि सौर काचेचा देशातला पहिला कारखाना २०१० मध्ये गुजरातेत भडोचजवळ सुरू झाला. २०१३ मध्ये धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या माळरानावर १२५ मेगावॉटचे सौर वीजकेंद्र आले. ज्या माळावर पाऊस हात आखडता घेतो, तिथे ऊन उदार असते. त्या औदार्याची वसुली करण्यासाठी तावदानांची ती दूरवर पसरलेली रांग पाहिली, म्हणजे पैसा फंडात पैसा टाकणाऱ्या त्या नामहीन रयतेची आठवण झाल्याखेरीज राहत नाही.

परंतु काच स्वस्त आणि मुबलक झाली, तेव्हा आपण तिच्याशी सुज्ञपणे वागलो असे म्हणता येत नाही. आपल्या शहरांत आज पायथ्यापासून शेंड्यापर्यंत काचेने मढविलेल्या इमारती उभ्या आहेत. सोस्यूरची पेटी ज्या नियमाने तापली, त्याच नियमाने त्या तापतात. आणि मग आतली उष्णता उपसून टाकण्यासाठी दिवसभर वीज जाळावी लागते. थंड देशात जे तावदान हिवाळ्यात ऊब देते, ते आपल्याकडे वैशाखात कसे वागेल याचा विचार वाड्याच्या गवंड्याने जाड भिंत आणि खोल ओटी बांधताना केला होता. तो आपण विसरलो. दोष काचेचा नाही. उन्हाला आत घेणे हा तिचा धर्मच आहे. घेतलेल्या उन्हाचे काय करावे, हे ठरविणे आपले काम. त्याच इमारतीच्या माथ्यावर आणि दक्षिण अंगावर, आत नको असलेले ऊन जर घटांवर पडू दिले, तर तीच काच सावलीही देते आणि वीजही. खिडकीच्या काचेवरच वीज निर्माण करणाऱ्या पदार्थाचा पातळ थर चढवून भिंत आणि पटल एकच करण्याचे काम आता अनेक ठिकाणी चालू आहे. 'ताब' शब्दाचे दोन अर्थ, तेज आणि उष्मा, आपण वेगळे ओळखले आणि प्रत्येकाला योग्य जागी बसविले, म्हणजे तावदान पुन्हा आपल्या नावाला जागेल.

आमचे ते जुने घर आता राहिलेले नाही, आणि खिडकीही त्याबरोबर गेली. त्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या गच्चीवर सौर पटले आहेत. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत त्यांच्यावर धुळीचा राखी थर बसतो आणि वीज कमी पडू लागते. म्हणून ठरावीक दिवशी, ऊन चढून काच तापण्याच्या आत, मी पहाटे बादली आणि फडके घेऊन वर जातो. ओल्या फडक्याचा एक हात फिरला, की धुळीखालून निळसर काळी काच उघडी पडते आणि तिच्यात पूर्वेचे तांबूस आभाळ दिसू लागते. त्या वेळी मला प्रत्येक खेपेस आजी आठवते. ती दिवस मावळताना काच पुसत असे, आतला उजेड बाहेर पडावा म्हणून. मी दिवस उगवताना पुसतो, बाहेरचा उजेड आत यावा म्हणून. फडके तेच, काच तीच.